तात्यांना पसंत न पडणारा टाक

आमच्या तात्यांची आणि तुमची पहिल्यांदा गाठ पडली तर ते नमस्कार करणार नाहीत. ते सरळ तुमच्या गळ्याकडे हात नेतील. गळ्यात ताईत असो, देवाची प्रतिमा असो, छातीवर सरकारी बिल्ला असो, तात्या तो दोन बोटांत धरतात, म्हणतात, "पाठ बघू," आणि तुम्ही हो-नाही म्हणायच्या आत उलटा करून पाहतात.

"पुढून काय, सगळेच सोन्याचे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. "पाठीवर समजतं चीज काय आहे ते."

तात्या आमच्या शेजारी राहतात. कलाबत्तूच्या एका पेढीवर ते कारकून आहेत. चांदीची तार ओढून, तिला सोन्याचे पाणी देऊन ती रेशमावर गुंडाळायची, हा आमच्या बऱ्हाणपूरचा जुना धंदा. तो माल दिवसभर हाताखालून जात असल्यामुळे चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तात्यांचा विश्वास नाही. वय पस्तिशीच्या पुढे. बायको वारलेली, मूल नाही, घरात एक म्हातारी आई. तिला सगळी आळी जिजी म्हणते.

मी नागपुरास कॉलेजात शिकतो. आमच्या घराण्यात एवढे शिकलेला मी पहिलाच, म्हणून तात्या मला नावाने हाक मारत नाहीत. "ए कॉलेज, इकडं ये," म्हणतात. मला हे फारसे आवडत नाही, पण तसे त्यांना सांगायचे मला आजवर जमलेले नाही.

त्यांच्या या सवयीचा त्रास सगळ्या आळीला आहे. एकदा तहसिलीतला हरसिंग चपराशी कोणाचे तरी समन्स घेऊन आळीत आला. चपराशी दिसला की शहाणी माणसे घरात जातात. तात्या ओट्यावरून उतरून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्याच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला त्यांनी उलटा केला.

"बघ कॉलेज," ते मला म्हणाले. "पुढं सरकार आहे, मागं आकडा आहे. हरसिंग कुठंच नाही."

"हात नका लावू. सरकारी आहे," हरसिंग म्हणाला.

"लावला तर सरकार घासून जाईल का?"

हे वाक्य बरेच महागात पडले असते. माझ्या वडिलांनी हरसिंगला कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन माव्याची जिलेबी खाऊ घातली आणि तात्यांचे डोके बायको गेल्यापासून जरासे असेच आहे, असे सांगून त्याला वाटेला लावले. तात्यांना हे कळले तेव्हा ते वडिलांवर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जिलेबी मलाही आणायची होती."

शाहपूरच्या बाजारात त्यांनी एका बैलाच्या कपाळावरचे पितळी फूल उलटे करून पाहण्याचा प्रयत्न केला. बैलाने त्यांना केळीच्या घडांवर लोटले. तरीही उठता उठता ते शेतकऱ्याला विचारत होते की हे शोभेसाठी घातले आहे की दृष्ट लागू नये म्हणून. शेतकरी म्हणाला, "माझ्या बापानं घातलं म्हणून." तात्यांना हे उत्तर फार पटले. ते पुढे कित्येक दिवस सांगत होते.

माझे स्वतःचे दुःख वेगळे आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलो म्हणून शाळेने मला चांदीचे पदक दिले होते. वडिलांनी ते कापसाच्या जिनिंगमधल्या, म्हणजे आपल्या कामावरच्या, सगळ्या सोबत्यांना दाखवले आणि शुद्ध चांदीचे आहे म्हणून सांगितले. तात्यांनी ते "पाठ बघू" म्हणून नेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणले तेव्हा त्याच्या कडेला एक ओरखडा होता.

"कसोटीवर लावून पाहिलं," ते म्हणाले. "चांदी कमी आहे रे. पण तू वाईट वाटून नको घेऊ. संस्कृत पूर्ण आहे ना तुझं?"

वडील दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मी बोललो, कारण ते रोज संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसतात. तेथे बसून ते मला बिल्ले, पदके आणि प्रतिमा यांचा अर्थ समजावून सांगतात, आणि नागपूरच्या कॉलेजात हा विषय का शिकवत नाहीत म्हणून मलाच जाब विचारतात. त्यांचे म्हणणे असे की माणूस गळ्यात जे अडकवतो ते एक तर भीतीमुळे, नाही तर मोठेपणासाठी, नाही तर कोणाच्या आठवणीसाठी. पहिलवानाच्या गळ्यातले पदक मोठेपणाचे, पोराच्या गळ्यातला ताईत भीतीचा. बायकांच्या पुतळीमाळेत काय असते असे मी एकदा विचारले, तर ते म्हणाले, "त्यात दुष्काळ असतो. ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी एक एक पुतळी सुटते." मग त्यांनी माझ्या आईला तिची पुतळीमाळ आणायला सांगितली. आई आतूनच म्हणाली, "भावजी, चहा पाहिजे तर मिळेल. माळ मिळणार नाही."

अशा या माणसाचे लग्न जमवण्याचे काम आमच्या घराने अंगावर घेतले, ते गेल्या उन्हाळ्यात, मी सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा.

जिजीची नजर अधू झाली होती. भाकरी करपायची, चुलीजवळ पदर केव्हा पेटेल याचा नेम नव्हता. तात्या करपलेली भाकरी मुकाट्याने खात आणि पेढीवर जात. शेवटी आईनेच शाहपूरचे स्थळ काढले. केळीची, कापसाची शेती असलेले घर, मुलगी विशीच्या पुढची. तिचा बाप दोन वर्षे अंथरुणाला खिळून होता, त्या गडबडीत तिचे लग्न राहून गेले होते. त्यामुळे बिजवर चालणार होता. जिजीने हो म्हटले. मुलीच्या मामांनी येऊन घर पाहिले, तात्यांना पाहिले. तात्यांनी त्यांच्या गळ्यातली ताइताची पेटी पाहिली. एवढे होऊनही ते हो म्हणून गेले, म्हणजे गरज दोन्हीकडे असावी.

मुलीच्या आईची अट एकच होती. टाक हळदीच्या आधी तयार पाहिजे.

आमच्याकडे पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीने गळ्यात पहिलीचा टाक घालायचा असतो. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची लहानशी आकृती. नवे लुगडे नेसायच्या आधी ते टाकाला दाखवायचे, सणाच्या ताटातला घास आधी टाकाला लावायचा. असे केले म्हणजे मेलेली सवत रुसत नाही आणि नवीच्या संसारात पाय घालत नाही. मी कॉलेजात शिकतो, तेव्हा यावर माझा विश्वास असू नये. पण नाही असे म्हणायचेही मला धैर्य होत नाही.

आम्हांला वाटले, हे काम तरी तात्या आनंदाने करतील. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यातले पाहिले, आता आपल्या घरचे करायचे आहे. पण घोडे अडले ते तेथेच.

आमच्या भागातले टाक नथ्थू सोनार करतो. त्याच्याकडे आजोबांच्या वेळचा पंचरशी धातूचा ठसा आहे. त्यात एक बाई उभी आहे, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, हात अंगाला चिकटलेले. ठशावर पत्रा ठेवायचा, वरून शिसे ठेवून ठोकायचे, टाक तयार. गावातल्या झाडून सगळ्या मेलेल्या सवती अशा एकाच तोंडाच्या आहेत आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

तात्या मला घेऊन टाक आणायला गेले. नथ्थूने तो लाल कागदात गुंडाळून हातात दिला. तात्यांनी नवल म्हणजे पाठ पाहिली नाही, तोंड पाहिले. बराच वेळ पाहिले.

"ही कोण आहे?" त्यांनी विचारले.

"तुमची मंडळी," नथ्थू म्हणाला.

"हिला मी ओळखत नाही."

"तात्या, ही टाकातली आहे. टाकातली अशीच दिसते."

"आमच्या पेढीवरच्या सखारामच्या घरी हीच आहे. त्याच्या सासऱ्याच्या घरी हीच आहे. एक बाई इतक्या लोकांची बायको कशी होती बे?"

नथ्थू समजूतदार माणूस. त्याने ठसा बाजूला ठेवला आणि छिन्नीने हातावर नवा टाक घडवायला घेतला. तो झाला तेव्हा तात्या म्हणाले, नाक मोठे आहे. नथ्थूने तो वितळवला. पुढच्या वेळी नाक जमले, पण ती रागावलेली दिसत होती. त्याच्या पुढच्या वेळी नथ्थूने ती हसरी केली.

"ती अशी हसत नव्हती," तात्या म्हणाले.

"मग कशी हसायची?"

"अशी नाही."

नथ्थूने छिन्नी खाली ठेवली. "तात्या, तुम्ही काय नाही ते सांगून राहिले. काय आहे ते सांगा ना."

"तू कर. मी बघतो."

असे किती टाक झाले ते नथ्थूच जाणे. तीच चांदी वितळायची, तीच पुन्हा पत्रा व्हायची. दर वेळी मला बरोबर जावे लागे, कारण तात्यांना माझे मत पाहिजे असे, आणि मी काही बोलायला तोंड उघडले की ते म्हणत, "तू थांब. तू लहान होतास तेव्हा." मी खरोखरच लहान होतो. तात्यांची पहिली बायको, माझी काकी, मला आठवते ती एक हिरवे लुगडे आणि लाडवाचा वास एवढीच. सुट्टीनंतरच्या परीक्षेचा अभ्यास सोडून मी उन्हात सोनाराच्या दुकानी एका बाईच्या नाकावरचा वाद ऐकत बसत होतो. वडील म्हणाले, "पोरगं एवढ्यासाठी शिकवलं का?" आईचे म्हणणे वेगळे होते.

"भावजींना लग्नच करायचं नाही," ती एक दिवस भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "करायचं नसेल तर सरळ सांगावं. शाहपूरची पोर टांगून ठेवू नये. एकदा लग्न मोडलं तर तिला पुन्हा कोण विचारेल?"



लग्न आठवड्यावर आले आणि मुलीचे मामा टाक पाहायला आले. सवयीने तात्यांचा हात त्यांच्या गळ्याकडे गेला. मामांनी तो हात धरून खाली ठेवला.

"आमची पाठ राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्या टाकाचं तोंड दाखवा."

"होऊन राहिलाय."

"महिना झाला होऊन राहिलाय. आमची बहीण म्हणते, ज्याला पहिलीचा टाक करायला जमत नाही तो दुसरीला काय सांभाळील. शुक्रवारपर्यंत टाक शाहपुरात पोचला तर हळद लागेल. नाही तर आम्ही हळद परत डब्यात घालू."

जिजी दारात बसून ऐकत होती. मामा गेल्यावर ती उठून चुलीकडे गेली आणि चाचपडत चिमटा शोधू लागली. ते पाहून माझा संयम सुटला. मोठ्या माणसाशी मी असा कधी बोललो नव्हतो. मी आतून माझी शाळेतली जुनी पाटी आणि पेन्सिल आणली आणि तात्यांसमोर ठेवली. मला थोडेफार चित्र काढता येते.

"तुम्ही सांगा, मी काढतो," मी म्हणालो. "काकीचं कपाळ कसं होतं? रुंद का अरुंद?"

तात्यांनी पाटीकडे पाहिले. "कपाळ," ते म्हणाले, "कपाळासारखं."

"डोळे?"

"डोळे होते रे."

"तात्या, थट्टा नका करू. माझी परीक्षा आहे."

ते उठले आणि चपला घालून चालू लागले. मीही रागारागाने पाटी घेऊन त्यांच्या मागे गेलो. राजघाटाच्या पायऱ्यांवर ते बसले. तापीचे पाणी पार खाली गेले होते, धोबी आपले कपडे गोळा करत होते. तात्या माझ्याकडे न पाहता बोलू लागले.

"आमचं घर तेव्हा भरलेलं होतं. आबा होते, दोघे काका, काकू. ती समोर आली की मी मान खाली घालायचो. बायकोकडे बघतो म्हटलं असतं सगळ्यांनी. ती घुंगटात. बोलायचं तर जिजीला सांगायचं, जिजी तिला सांगायची. रात्री जिजी दिवा काढून न्यायची. तेल जळतं म्हणायची."

मी पाटीवरची धूळ पुसली.

"वाटलं, नथ्थू इतक्या बायका करील, त्यातली एखादी तिच्यासारखी निघेल. मग मी ओळखीन. तेवढं तर ओळखीन ना?" ते थांबले. "जिजीला विचारलं कशी होती. म्हणाली, चांगली होती. तिच्या माहेरी गेलो, तिथं तिची आई नाही राहिली. भाऊ म्हणाला, आमच्यासारखीच होती. त्याचं तोंड मी घटकाभर पाहत बसलो. त्याला मिशा आहेत."

ते हसले. मला हसता आले नाही.

"म्हणजे काहीच आठवत नाही?" मी विचारले. विचारल्यावर मलाच कसे तरी झाले.

"हात आठवतो," तात्या म्हणाले. "वाढायला यायचा तो. मी ताटात बघायचो, हात ताटावर यायचा. उजवा. अंगठ्याच्या मुळाशी चटक्याचा डाग. पळी जरा वाकडी धरायची, करंगळी बाहेर. पुरे म्हटलं तरी ऐकायची नाही, अर्धी पळी आणखी टाकायची. दिवसातलं आमचं बोलणं तेवढंच. म्हणून मी मुद्दाम लवकर पुरे म्हणायचो."

मी पाटी मांडीवर घेतली. त्यांनी सांगितले तसा हात काढला. त्यांनी करंगळी दोनदा पुसायला लावली, डाग थोडा खाली घ्यायला सांगितला, पळीचा दांडा आखूड करायला सांगितला. इतके दिवस जो माणूस फक्त 'असे नाही' म्हणत होता, तो 'असे' म्हणत होता. चित्र झाल्यावर त्यांनी पाटी हातात घेतली आणि ती पोटाशी धरून, चित्र पुसले जाऊ नये म्हणून बाजाराच्या गर्दीतून आडवे आडवे चालत, नथ्थूकडे नेली.

नथ्थू म्हणाला, "सवतीची पावलं करतात काही लोक. हाताचा टाक मी ऐकला नाही."

"आता ऐक," तात्या म्हणाले.

टाक झाला. रुपयापेक्षा लहान, मध्ये हात, हातात पळी. तात्यांनी तो उन्हात नेऊन पाहिला आणि काहीही न बोलता कागदात गुंडाळला. आमच्या घरी मात्र बोलणे पुष्कळ झाले. वडील कपाळाला हात लावून बसले. आई म्हणाली, "शाहपूरची माणसं म्हणतील, पहिलीला तोंड नव्हतं का?" मामा शुक्रवारी आले, टाक पाहून त्यांचा चेहरा उतरला. पण शब्द दिला होता, म्हणून ते तो शाहपूरला घेऊन गेले. तात्या त्या दिवशी पेढीवर गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. समोरून नव्या पदकाचा एक पहिलवान गेला, त्याच्याकडेही त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मामा परत आले. ओशाळलेले होते.

"आमच्या बहिणीला पसंत नव्हता," ते म्हणाले. "पण पोरीनं हातात घेतला. कधी बोलत नाही चार माणसांत, ती बोलली. म्हणाली, तोंडाचा असता तर रोज तिची मर्जी सांभाळावी लागली असती. हात आहे, बरा आहे, कामाला येईल."

जिजी तोंडाला पदर लावून हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी मामांना विचारले, "असं म्हणाली?" मामा हो म्हणाले. तात्यांनी पुन्हा विचारले, "हेच म्हणाली?"

लग्न झाले. लग्नाचे सांगण्यासारखे काही नाही. मंगलाष्टके चालू असताना तात्यांनी भटजींच्या गळ्यातली रुद्राक्षाखालची चांदीची प्रतिमा उलटी केली, एवढेच.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हांला जेवायला बोलावले. तात्या, माझे वडील आणि मी ओळीने बसलो होतो. जिजी भिंतीला टेकून बसली होती, आई आतबाहेर करत होती. नवी काकी वाढत होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी तो टाक होता. डोक्यावरून पदर घेतलेला होता, पण घुंगट एवढा लांब नव्हता. आमटीची पळी घेऊन ती तात्यांच्या ताटाजवळ आली.

तात्यांनी ताटात पाहिले नाही. त्यांनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिले. भरदुपारी, दारातून ऊन आत आलेले, जिजी समोर, शेजारी माझ्या वडिलांसारखा परका माणूस, आणि ते नव्या बायकोकडे टक लावून पाहत होते. वडील खाकरले. आई दारातच थबकली, मग हलक्या आवाजात म्हणाली, "भावजी, आमटी गार होतेय."

"होऊ द्या, वहिनी," तात्या म्हणाले.

नव्या काकीचा हात पदर ओढायला वर गेला होता. तो मध्येच थांबला, आणि मग तिने तो खाली घेतला. फोटो काढताना माणूस उभे राहते तशी ती पळी धरून स्थिर उभी राहिली. आम्ही बाकीच्यांनी आपापल्या ताटात पाहिले.